निव्वळ घरगुती मार

न्याय सागरासारखा असतो, त्याला काठ नसतो. आमच्या शहरात मात्र त्याला बावीस खिडक्या आहेत आणि दुपारी एक ते दोन त्या सगळ्या बंद असतात.

सुतार भावांचं घर एक, कारखाना एक. थोरल्याने हातोडीने धाकट्याचा डावा हात दोन ठिकाणी मोडला; हाड कातडीबाहेर डोकावत होतं. "पुढच्या वेळी डोकं," असंही त्याने बजावलं होतं, आणि तो शब्दाचा पक्का. धाकट्याला एकच हुकूम हवा होता: या माणसाला माझ्यापासून लांब ठेवा.

कौटुंबिक हिंसा न्यायालयाच्या कारकुनाने विचारलं, "कुठे मारलं?"

"मनगटाच्या वर."

"जागा विचारतोय मी, जागा."

"कारखान्यात."

"मग ते कामगार-इजा न्यायालयात. समोरची इमारत."

समोरच्या कारकुनाने विचारलं, "भांडण कशावरून?"

"आईला कोणी सांभाळायचं, यावरून."

"अहो, ही घरगुती बाब. आल्या वाटेने जा."

अशा चार फेऱ्या झाल्यावर पहिल्याच कारकुनाला दया आली. "दादा, तुमची भानगड सरमिसळीची आहे. घरात, घरच्या कारणावरून, घरातल्या वस्तूने मारलं असतं, तर आजच्या आज हुकूम मिळाला असता."

धाकटा घरी गेला. स्वयंपाकघरात बसला, तवा ओट्याच्या कडेला सरकवला, थोरल्याला हाक मारली आणि आईचा विषय काढला.

पहिल्या फटक्यात गाल फाटला. दुसऱ्यात चार दात गेले. तिसरा कानावर बसला आणि थोरल्याने तवा टाकून खिशातली पटाशी काढली.

"तवाच घे," धाकटा रक्त थुंकत म्हणाला. "पटाशी कारखान्यातली आहे."

लहानाचं मन मोडू नये, अशी घरची शिकवण. थोरल्याने तवा उचलला.

वहिनी दारातून म्हणाली, "भावोजी, जरा इकडे सरका. ती भिंत परवाच रंगवलीय."

चार वाजता हुकूम मिळाला. इतकं निर्भेळ प्रकरण वर्षभरात पाहिलं नाही, असं न्यायाधीश म्हणाले. थोरल्याला घरात पाऊल टाकायची बंदी झाली. कारखाना त्यांच्या अधिकारात येत नव्हता, म्हणून थोरल्याने तिथे खाट टाकली.

घरात जायला जिना एकच आहे. तो कारखान्यातून वर जातो.