आईला लुक आफ्टर

ज्योतीरामला जन्मात एकच इंग्रजी वाक्य शिकायचं होतं, पण मेलं ते काही केल्या जिभेवर बसेना. छप्पन साली तो पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला आणि म्हाताऱ्या आईला, अंबूबाईला, घेऊन चिखलीत पत्र्याच्या खोलीत राहिला. म्हातारीला दमा. पत्रा तापला की तिचा जीव नुसता कासावीस व्हायचा. कंपनीच्या पक्क्या खोल्या होत्या, नळाच्या; पण सड्याफटिंगाला कोण देतो! घरचं माणूस सांभाळणाऱ्यालाच खोली, आणि तेही गोऱ्या साहेबापुढं आपल्या तोंडानं सांगायचं.

"म्हणा, आय लुक आफ्टर माय मदर," कारकून लक्ष्मणरावांनी त्याच्याकडून घोकून घेतलं. "लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. घरी बोलत जा, राव, जीभ आपोआप वळेल."

घरी काय, म्हातारीच आधी शिकली! चुलीवर दूध ठेवलं की ओरडायची, "ज्योती, दुधाला लुक आफ्टर कर रं!" शेजारच्या रतनबाईला ऐकवायची, "माजा ल्योक मला लुक आफ्टर करतोय, तुजा करतो का गं?" हसता हसता खोकल्याची उबळ यायची, मग ज्योतीराम तिची पाठ चोळत बसायचा. "खोली मिळू दे," ती म्हणायची, "मग बग, दमा कसा पळतोय."

पण दमा कुठला पळतोय! ऐन वैशाखात म्हातारीच गेली. ज्योतीरामनं रजा घेतली, कुणाला काही सांगितलं नाही. तेरावा उरकून कामावर आला, तर त्याच दिवशी साहेबाचं बोलावणं. तो का गेला, देव जाणे. पाय आपले गेले.

साहेबानं विचारलं आणि सगळं वाक्य एका दमात, न अडखळता बाहेर पडलं. साहेब खूश! सही ठोकून निघून गेला.

लक्ष्मणरावांनी मात्र मान वर केली आणि पाहतच राहिले. ज्योतीरामच्या मिशा उतरवलेल्या होत्या, टोपीखाली डोकं गुळगुळीत. मराठी माणसाला आणखी काय सांगायला हवं? तरी त्यांनी किल्ली पुढं सरकवली. "घ्या, राव. साहेबाला काय कळतंय?"

ज्योतीरामला रडू आवरेना. त्यानं किल्लीला हातसुद्धा लावला नाही.

"ज्याची आई हाय," तो म्हणाला, "त्याला द्या."