महिन्याभरात येतील

डोकं बघितल्याशिवाय नाना माणूस ओळखत नसत. जन्मभर सलून चालवल्यावर दुसरं काय होणार? सलून बंद करून घरी बसले, तरी नजर आपली लोकांच्या भांगावर, आणि चौकशांना तर निवृत्ती नव्हतीच. त्यामुळे लेकीच्या डोक्यावरचा नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पहिल्यांदा दिसला तो त्यांनाच. "चाई आहे. जाईल," ते म्हणाले. पण चट्टा गेला नाही, उलट त्याला भावंडं झाली, आणि हिवाळा संपेपर्यंत लेकीच्या डोक्यावर मोजके पुंजके उरले.

लेक चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. तिथे भिंतभर आरसे, आणि नवा चष्मा लावला की माणूस सगळ्यात आधी समोर बघतो. समोर ही. थोडे दिवस तिने डोक्याला रुमाल बांधून काढले, मग आपणहून आतल्या खोलीत फ्रेममध्ये काचा बसवायला जाऊन बसली. हसणं-बोलणं आटलं. मालकीणबाई चांगल्या होत्या, पण काउंटरला माणूस हवाच होता. ती जागा दुसऱ्या कुणाला दिली, तर आपली पोर पुन्हा कधी माणसांत बसणार नाही, अशी धास्ती नानांनी घेतली.

क्लिनिकमध्ये ते बरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी लेकीला तपासलं, मग नानांनी डॉक्टरीणबाईंना. केस लावतात म्हणजे नेमकं काय करतात? मागचेच का घेतात? मुळासकट? एकेक? बाईंनाही सांगायची हौस होती. मागचे केस सहसा गळत नाहीत, म्हणून तिथली मुळं काढून टकलावर रोवायची. लावलेले केस आधी गळून जातात, मग त्याच मुळांतून हळूहळू नवे येतात. नाना हरखून गेले. इतकी वर्षं आपण नुसती कापणी करत आलो, आणि इथे पेरणी चालते!

"मग हिचंही करून टाका," ते म्हणाले.

"हिचं शरीरच केसांच्या मुळांवर उठलंय, नाना. नवे रोवले तर तेही जातील. इंजेक्शनं देऊन बघू, गोळ्या आहेत. कधीकधी आपोआपही येतात. पण खात्री नाही देता येत."

"माझे लावा." नानांनी मान पुढे केली. त्यांचं डोकं या वयातही घनदाट होतं, आणि हल्ली त्यांना त्याची लाज वाटायला लागली होती. "हवे तेवढे घ्या."

"परक्याची मुळं अंग स्वीकारत नाही हो."

"परका कसा? बाप आहे मी तिचा," नाना म्हणाले. त्यानंतर मात्र त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

इंजेक्शनं-गोळ्या सुरू झाल्या, पण फरक दिसेना. राहिला विग. खऱ्या केसांचा, जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवलेला. तो रविवारी घरी आला, तेव्हा नानांनी उलटासुलटा करून गाठी तपासल्या आणि बनवणाऱ्याला मनातल्या मनात दाद दिली. लेकीने तो घातला.

"टोपली पालथी घातल्यासारखं दिसतंय, नाना. उद्या काउंटरवर बसते असं सांगून आलेय मी."

दाट होता खरा. नानांचे हात शिवशिवायला लागले. "थांब, हलका करून देतो." त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती चादर गुंडाळली आणि जुनी कात्री काढली. कपाळावरचे केस कापताना डावी बाजू जरा वर गेली. बरोबरी करायला उजवी कापली, ती आणखी वर गेली.

"थोडं जास्त गेलं," जन्मभराच्या सवयीने नाना म्हणाले, "महिन्याभरात येतील."

म्हणाले आणि त्यांची कात्री हवेतच थांबली. हे केस कुठून येणार होते? लेक आरशात बघत होती. ती रडली असती तरी परवडलं असतं. तिने विग काढून टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली. नाना चादरीवरचे केस वेचत बसले, जणू ते परत चिकटवता येणार होते.

सोमवारी ती निघाली ती तोच विग घालून. नाना मागोमाग दुकानात पोचले. हल्ली जवळचं दिसत नाही, असं मालकीणबाईंना सांगून कोपऱ्यातल्या बाकावर बसले. ते खोटं नव्हतं, हे त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक आजीबाई. लेकीने त्यांच्या कानांवर नवा चष्मा नीट बसवला. आजीबाईंनी डोळे मिचकावले, समोर बघितलं आणि बघतच राहिल्या. नजर थेट लेकीच्या कपाळावर. नानांचा जीव टांगणीला लागला.

"अगं पोरी, एवढे छान दाट केस तुझे," आजीबाई म्हणाल्या, "कापले कुणी? साफ वाट लावलीय की!"

लेकीने आरशातून कोपऱ्यात पाहिलं. "माझ्या वडलांनी. ते काय, तिथे बसलेत."

"मग हात थकला त्यांचा. ही उजवी बाजू बघ, केवढी वर गेलीय!"

"असू दे हो आजी," लेक म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी नानांनी तिला हसताना पाहिलं. "महिन्याभरात येतील."

नानांनी हाताला लागेल तो चष्मा उचलून घाईघाईने डोळ्यांवर चढवला. तो बायकांचा होता.