डावं पान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानी, आखीव, पाठीला लाल कापडी पट्टी असलेली. तुमच्या दप्तरात असतात तशीच. फरक एवढाच की माझ्या पुठ्ठ्यावर कोर्टाचा जांभळा शिक्का आहे आणि तो कशानेही जात नाही. मीच खोडून काढला असता, पण वहीला हात नसतात. तोंडही नसतं. हे तोंड नसणंच पुढे भोवलं, म्हणून ते आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कारखान्यातला. कागद कापला, रेघा मारल्या, दोऱ्याने शिवलं, पुठ्ठा चिकटवला, की झाली वही. एका गठ्ठ्यात आम्ही बारा जणी होतो. दुकानाच्या फळीवर बसल्या बसल्या प्रत्येकीचे मनातले मांडे चालू असायचे. माझ्या शेजारणीला कविता हव्या होत्या. मला गणितं हवी होती. गणिताच्या वहीला वर्गात मान असतो असं मी ऐकलं होतं. शिवाय मला माझ्या स्मरणशक्तीचा भारी अभिमान. माणसं विसरतात, मी विसरत नाही, असं मी फळीवरच्या पेन्सिलींना ऐकवत असे.

मला एका बाईने विकत घेतलं. काडी वाकलेला चष्मा, खांद्याला फुगलेली पिशवी, चालताना सारखी घाई. सगळे तिला ताई म्हणत. तिचं काम काय, ते तुम्हाला नीट सांगायला हवं. जगात काही माणसं दुसऱ्याच्या अंगावर जबरदस्ती करतात. समोरचा नको म्हणत असताना करतात, आणि वर त्यालाच गप्प बसायला लावतात. ज्या मुलींवर, बायकांवर, कधी मुलग्यांवरही अशी वेळ येते, त्यांच्या सोबत राहायचं, हे ताईचं काम होतं. पोलीस चौकीत सोबत, दवाखान्यात सोबत, कोर्टात सोबत. आणि मध्ये जे लांबच लांब दिवस असतात, त्या दिवसांत तर जास्तच.

तिचं ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर होतं. दोन खोल्या. खाली दिवसभर ठोकाठोक चालायची. वर एक टेबल, पाण्याचा तांब्या, आणि दोन खुर्च्या जरा तिरक्या मांडलेल्या, कारण आलेल्या मुलीला समोर बघायची सक्ती नको. दाराची कडी लावायची की नाही, हे मुलीने ठरवायचं. ताई कुणाला विचारल्याशिवाय हात लावत नसे. आणि 'का' हा शब्द त्या खोलीत उच्चारायचा नाही, असा तिचा नियम होता. का गेलीस, का थांबलीस, का ओरडली नाहीस, हे सगळं जग विचारतच असतं, आपण तरी कशाला, असं ती म्हणायची.

मुलगी बसलेली असताना ती लिहीत नसे. मुलगी जिना उतरून गेली की खिडकीपाशी उभं राहून घाईघाईने लिहायची, कारण तेवढ्यात पुढची आलेली असायची. खरी नावं माझ्यावर लिहायची नाहीत असा रिवाज होता. म्हणून माझ्यात सगळ्या टोपणनावांनी राहायच्या. एक बुटकी, एक गाणारी, एक मास्तरीण.

आणि आता ताईची खास पद्धत. उजव्या पानावर कामाचं लिहायची. तारीख, चौकशी, डॉक्टरांचा कागद, पुढची भेट. डाव्या पानावर मात्र बारीकसारीक गोष्टी असायच्या. आज झोप लागली म्हणाली. आज पोळी पूर्ण खाल्ली. एकदा मी तिच्या टेबलावर उघडी असताना संस्थेच्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी विचारलं, "हे काय गं इकडे?"

"या पोरींबद्दल जो तो वाईटच लिहून ठेवतो," ताई म्हणाली. "कुठे काय दुखलं, कुठे काय फाटलं. चांगलं कुठेतरी लिहिलेलं असू दे की."

मोठ्या बाईंनी तिची पाठ थोपटली. सगळ्या कार्यकर्त्यांनी अशाच नोंदी ठेवाव्यात असा निरोप धाडला. त्या दिवशी मी इतकी फुगले की पिशवीत मावेना. डाव्या पानांची मला तर चटकच लागली होती.

मग बटणवाली आली.

एकोणीस वर्षांची मुलगी. तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बटणं लावायची. बोटं इतकी चपळ की बोलतानाही हवेत सुई चालवल्यासारखी हलायची. सोबत तिची आई होती. तिच्या मुकादमाने तिला 'माल तपासायचाय, जरा थांब' म्हणून मागे थांबवून घेतलं होतं, आणि तिच्यावर जबरदस्ती केली होती. ते सांगताना तिची बोटं पहिल्यांदा थांबली. त्याच रात्री तिने स्वयंपाकघरातल्या कात्रीने स्वतःचे लांब केस कापून टाकले होते. वेडेवाकडे, कुठे कानापर्यंत, कुठे मानेपर्यंत.

तिचं मागणं फार नव्हतं. "तो तिथून गेला पाहिजे, आणि मला परत माझ्या टेबलावर बसायचंय," ती म्हणाली. "आणि ताई, मला कुणी खोटी म्हणता कामा नये. एवढं बघा."

"बघते," ताई म्हणाली.

घटनेनंतर पाचव्या दिवशी ती पुन्हा आली तेव्हा तोंडातून शब्द काढेना. ताई खुर्ची पुढे ओढून अगदी गंभीर आवाजात म्हणाली, "हे बघ, काही झालं तरी मी भक्कम बसलेय तुझ्यासाठी." आणि खुर्चीचा पाय मोडला. ताई धाडकन खाली. चष्मा एकीकडे, चप्पल एकीकडे, आणि खालून सायकलवाला ओरडतोय, "ओ ताई, छत पाडता काय!" बटणवाली आधी घाबरली. मग तिच्या नाकातून एक आवाज आला. मग ती हसली, अशी हसली की तिची आई दारातून आत डोकावली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. ताईचं कंबरडं चांगलंच शेकलं होतं, पण तिला त्याची पर्वा नव्हती. लंगडत लंगडत खिडकीशी आली आणि डाव्या पानावर तिने लिहिलं, 'पाचवा दिवस. आज हसली!' पुढची मुलगी जिन्यात उभी होती. ताईने मला मिटलं.

त्यानंतर कधीतरी ताईने तिच्यासाठी एक हिरवी क्लिप आणली. कापलेल्या बटा डोळ्यांवर येत, त्या बांधायला. पुढच्या भेटीला ती क्लिप लावून आली. ताईने लिहिलं, 'नवी क्लिप लावून आली. गोड दिसत होती.' आणखी एका दिवशी मुलगी स्वतःलाच दोष देत बसली, तेव्हा त्यावर पुन्हा बोलायचं लक्षात राहावं म्हणून लिहिलं, 'म्हणते, मी थांबायलाच नको होतं.' बस, एवढंच. ताईला सगळं आठवत होतं, मग जास्त लिहायचं कशाला?

दोन वर्षांनी खटला उभा राहिला. बटणवालीची साक्ष आदल्या दिवशी झाली. समोरच्या वकिलाने तिला तीन तास उलटंसुलटं विचारलं, पण ती कुठे अडखळली नाही. बाहेर आल्यावर आमची वकीलबाई ताईला म्हणाली, "पोरीने कमाल केली. आता उद्या तुमची साक्ष. ती वही घरी ठेवा हं. तारखा पाठ करून या."

पण ताईने धसका घेतला होता. मागे एका खटल्यात तिची तारीख चुकली होती, आणि भर कोर्टात तिला खोटारडी ठरवलं होतं. 'माझ्यामुळे हिचं नुकसान नको,' असं पुटपुटत तिने मला नवीन खाकी कव्हर घातलं आणि पिशवीत टाकलं. मी तर हरखूनच गेले. म्हटलं, आता बघतील सगळे, मी किती लक्षात ठेवते ते!

तारीख विचारल्यावर ताईने मला उघडलं.

"काय वाचताय ताई?" समोरच्या वकिलाने विचारलं. आवाज कसा, अगदी घरच्यासारखा.

"आमची नोंदवही आहे."

"अरे वा. बघू?"

आमच्या वकीलबाईने हरकत घेतली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "साक्षीदाराने स्वतःच वही काढली आहे. बघू द्या त्यांना." ताईने मला दोन्ही हातांनी पुढे केलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, असं तिला वाटत होतं, आणि खरंच नव्हतं.

त्या माणसाने माझी उजवी पानं नुसती चाळली. मग डाव्या पानावर बोट ठेवून तो थांबला. त्याचं बोट कोरडं होतं.

"घटनेनंतरच्या पाचव्या दिवशी मुलगी हसली. उद्गारचिन्ह आहे पुढे. हे अक्षर तुमचं?"

"हो, पण त्या दिवशी काय झालं—"

"हसली की नाही? हो किंवा नाही."

"अहो, माझी खुर्ची मोडली होती—"

कोर्टात खसखस पिकली. मुकादमही हसला. "खुर्चीचं वहीत काही लिहिलेलं नाही," वकील म्हणाला. "हो किंवा नाही?"

"हो."

"नवी क्लिप लावून आली. गोड दिसत होती. हो?"

"ती क्लिप मी..." वकिलाने बोट वर केलं, तशी ती म्हणाली, "हो."

"आणि हे तर फारच छान. 'मी थांबायलाच नको होतं.' म्हणजे ती थांबली होती. कुणी दोरीने बांधल्याचं इथे लिहिलेलं नाही. हो ना?"

मित्रांनो, मी तिथेच होते. ती का हसली ते मला माहीत होतं. क्लिप कुणी आणली, केस कशाने कापले, सगळं ठाऊक होतं. पण माझ्यावर जेवढं लिहिलं तेवढंच मी बोलते. तो वाचत गेला आणि मी बोलत गेले. त्या पोरीचा मी केसाने गळा कापला, आणि तोही नव्या कव्हरात.

बटणवाली मागच्या बाकावर आईशेजारी बसली होती. ती वकिलाकडे बघत नव्हती, मुकादमाकडेही नाही. ती ताईकडे बघत होती. सुटी झाल्यावर ताई तिच्याकडे धावली. मुलगी मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "मी गेल्यावर तुम्ही हे लिहीत होतात?"



मुकादम संशयाचा फायदा मिळून सुटला. निकालपत्रात माझी दोन वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली होती. कारखान्याने त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं, वर हारतुरे झाले. बटणवालीच्या टेबलावर दुसरी मुलगी बसवली. ज्या मोठ्या बाईंनी पाठ थोपटली होती, त्यांनी ताईला लेखी ताकीद दिली, आणि डावी पानं कोरी ठेवावीत असा नवा नियम काढला. पुरावा म्हणून शिक्का बसलेली मी पुष्कळ दिवस कोर्टाच्या कपाटात पडून होते. झुरळांनी माझी पट्टी कुरतडली.

परत आल्यापासून मला वेगळंच काम आहे. दरवर्षी नव्या कार्यकर्त्यांचं शिबिर भरतं. त्यात मला हातोहात फिरवतात. प्रत्येक जण 'आज हसली!' वाचतो आणि चुकचुकतो. आणि पुढे उभी राहून समजावून सांगते कोण? ताईच. "ही चूक मी केली," असं ती दरवर्षी म्हणते. तिला तेच काम नेमून दिलंय. हल्ली ती शिकवून झाल्यावर बाकावर बसत नाही, उभीच राहते.

निकालानंतर महिन्याभराने बटणवालीची आई माडीवर आली होती, तेही सांगायला हवं. ताईने खुर्ची दिली, ती बसली नाही. तिने कनवटीतून हिरवी क्लिप काढून टेबलावर ठेवली.

"ती म्हणाली, परत देऊन ये. उगाच कुणी विचारलं तर," आई म्हणाली.

"कशी आहे हो ती?"

"बरी आहे. कामाला जात नाही कुठे." आईने क्लिप टेबलावर जरा पुढे सरकवली. "परवा धाकट्याने काहीतरी माकडचेष्टा केल्या. सगळे हसलो. हिलाही हसू आलं, तर दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं हो. म्हणते, नको, कुणीतरी लिहून ठेवेल."

ती क्लिप ताईने माझ्या त्या पानाला लावून ठेवली आहे. लोखंड गंजलंय, कागदावर डाग पडलाय.

मित्रांनो, माझ्या जागी दुसरी वही असती तर म्हणाली असती, मला कव्हर घाला, माझी पानं फाडू नका. माझं तसलं काही मागणं नाही. खुशाल फाडा, होड्या करा. पण तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात अशी कुणी असेल आणि ती एखाद्या दिवशी खुदकन हसली, तर 'हसतेय की, हिला काय झालंय' असं म्हणू नका. दुसरा कुणी म्हणाला तर त्याला गप्प करा. तिला पोटभर हसू द्या. त्या दिवशी खुर्ची मोडली होती, मित्रांनो. एवढंच लिहायचं राहून गेलं. त्या पानावर अजून एकोणीस ओळी रिकाम्या आहेत.