आईचं घड्याळ आणि भट्टी

पाव पुन्हा करपले आणि दादाने निकाल देऊन टाकला.

"सोमवारपासून भट्टी मी बघणार. आई, तू गल्ल्यावर बस. तुला आता घड्याळातलं दिसत नाही."

आमच्या बेकरीत भिंतीवरचं घड्याळ टिकत नाही, पीठ जाऊन बंद पडतं. त्यामुळे पाव निघतात ते आईच्या मनगटावरच्या घड्याळावर. हल्ली तिचा काट्यांचा अंदाज चुकत होता, हे खरं. पण ती उलटून एक अक्षर बोलली नाही, याचाच मला संताप आला. माझी आई आणि गप्प? दिवसातून एकदा तरी कोणाशी वाजल्याशिवाय तिला जेवण जात नाही. डोळे गेले हे तिलाही पटलं होतं.

दुपारी ती माझ्या कुडत्याला बटण लावायला बसली. सुईत दोरा ओवला, तोही पहिल्या फटक्यात. मी बघतच राहिले.

"आई, घड्याळ काढ."

"का गं?"

"काढ म्हणते ना!"

ओरखड्यांनी काच पार पांढुरकी झाली होती. आई घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवते आणि तारेच्या घासणीने ट्रे घासतानाही ते काढत नाही. हात मोकळा मोकळा लागतो म्हणे. आणि आम्ही शहाणे तिच्या डोळ्यांना नावं ठेवत बसलो होतो!

नख वाजवून पाहिलं. काच कसली, प्लास्टिक होतं. म्हणजे आशा होती. कडेच्या फटीत काही जाऊ नये म्हणून मी चिकटपट्टी लावली, जुन्या बनियनच्या तुकड्यावर पांढरी टूथपेस्ट घेतली आणि गोल गोल घासायला लागले. आधी तर सगळं आणखीच पांढरं झालं.

"झालं! होतं तेवढंही घालवलंस," दादा दारातून म्हणाला.

"तू तुझं काम बघ."

घासलं, पुसलं, पुन्हा घासलं. बोटं भरून आली. मग हळूच सेकंदकाटा दिसला, टुकटुक चाललेला. एक खोल चरा तेवढा राहिला, बाकी काच लख्ख.

आईने घड्याळ बांधलं, मनगट डोळ्यांपासून लांब नेलं, जवळ आणलं, परत लांब नेलं.

"अगं बाई, मी आंधळी नाहीये!" ती हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. मलाही आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा हाताची घडी घालून भट्टीपाशी उभा राहिला. आईने मनगट वळवून पाहिलं, थांबली, पुन्हा पाहिलं.

"काढा!"

सगळेच्या सगळे पाव सोनेरी. दादाने एक फोडला, फुंकर मारून खाल्ला, आणि खालमानेने दुसरा घेतला.

"बरा झालाय," तो पुटपुटला.

"बरा?" आईचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. किती दिवसांनी! तिने तारेची घासणी उचलून त्याच्या हातात ठेवली.

"भट्टी माझी. ट्रे आजपासून तू घासायचे. माझ्या घड्याळाला ओरखडे पडतात."