लाल ठिपक्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि माझ्या पोटात माणसाची हाडं आहेत. दचकू नका. ती कुणाची, हे मलाही कुणी सांगितलेलं नाही, आणि न सांगितलेल्या गोष्टींचा मला पहिल्यापासून संशय येतो.

एका सुताराने मला घडवलं ते डॉक्टरकी शिकणाऱ्या एका तरुणासाठी. हाड हातात घेऊन ते उजव्या अंगाचं की डाव्या, हे तो माझ्याकडूनच शिकला. परीक्षेत हेच विचारतात. पुढे त्याचा मोठा दवाखाना झाला, मुलगा झाला. मुलाची शिकायची वेळ आली तेव्हा त्याला कष्ट नकोत म्हणून वडिलांनी डाव्या बाजूच्या प्रत्येक हाडावर घाईघाईत लाल ठिपका दिला. मुलाने ठिपके पाठ केले. परीक्षेतल्या हाडांवर ठिपके नसतात, तरी तो पास झाला. परीक्षक वडिलांचे वर्गमित्र होते, एवढंच माझ्या कानावर आलं.

मग नातवाची पाळी आली. त्याला प्रवेश मिळाला त्याच्या आदल्याच आठवड्यात कॉलेजचे विश्वस्त आमच्याकडे दोनदा जेवून गेले. माझ्या झाकणावरून हात फिरवत त्यांनी 'तीन पिढ्यांची पेटी' म्हणून तोंडभर कौतुक केलं. मला ते काही पचलं नाही. नातवाने मला एकदा उघडलं, नाक मुरडलं आणि कपाटावर टाकून दिलं.

मला रोज पुसायची ती दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी. तिच्यावरही माझा डोळा होताच. पुसायला इतका वेळ कशाला लागतो? एकेक हाड काढायची, डोळे मिटून चाचपायची, पुन्हा जागेवर ठेवायची. आज ना उद्या ही एखादं लंपास करणार, अशी माझी खात्री होती.

त्याच मुलीला स्वतःच्या गुणांवर मेडिकलला प्रवेश मिळाला. हाडांचा संच मात्र परवडेना. कंपाउंडरने अवघडत मला वर्षभरासाठी मागितलं. धाकटे डॉक्टर, म्हणजे ठिपके पाठ करणारा तो मुलगा, हसून म्हणाले, घराण्याची वस्तू आहे, बाहेर देत नाही. बापलेक निघाले. दारात मुलगी थांबली.

"डॉक्टरआजोबा," ती बाजूलाच बसलेल्या थोरल्या डॉक्टरांना म्हणाली, "पेटी नका देऊ. पण गळ्याजवळच्या आडव्या हाडांचा ठिपका तेवढा बदला. डाव्याचा ठिपका उजव्यावर पडलाय."

थोरल्यांनी ते हाड मागवलं. चष्मा काढून, डोळे मिटून चाचपलं. मग ठिपक्यावर अंगठा दाबून त्यांनी ते मुलासमोर धरलं.

"सांग, कुठल्या बाजूचं?"

धाकटे डॉक्टर अंगठ्याखालचा ठिपका दिसतो का ते वाकून बघू लागले.

"पेटी घेऊन जा, बाळ," थोरले मुलीला म्हणाले.

तुम्ही म्हणाल, केवढं मोठं मन! मला शंका आहे. मन मोठं झालं, की माझ्यासारखी साक्षीदार घरात नकोशी झाली, ते अजून उमगलेलं नाही.

मुलीने मला घरी नेलं आणि आधी स्पिरिटचा बोळा घेऊन सगळे ठिपके पुसून काढले. हिलाच मी चोर समजत होते, याची फार लाज वाटते. आता वर्ष सरत आलंय. दारावर थाप पडली की मला धडकी भरते, न्यायला आले की काय.

मित्रांनो, तुमच्या घरात अशी एखादी पेटी असेल तर तिला नुसती झाडूनपुसून ठेवू नका. ज्याला शिकायचंय त्याच्या हाती द्या, आणि कृपा करून ती परत मागू नका.