शुभाकाकूंचा काउंटर

यज्ञेशचं सहा महिन्यांचं काम मी दोन शब्दांत कचऱ्यात घातलं होतं. अंधेरीच्या आमच्या लॅबमधलं अ‍ॅटम प्रोब मी चालवते. नमुन्याची बारीक सुई करायची. तिच्या टोकावरून एकेक अणू सुटतो, समोरच्या डिटेक्टरवर आपटतो आणि मशीन मोजतं. यज्ञेशने सिलिकॉनमध्ये बोरॉन घातलं होतं. मशीनला त्यातलं दोन-तृतीयांशच सापडलं. मी वहीत लिहिलं, ‘नमुना सदोष’.

“गंधाली, मी बरोबर घातलंय गं. एकदा पुन्हा बघ ना.”

“डिटेक्टरकडून शंभरातले चाळीस अणू निसटतात, मान्य. पण सगळ्या जातींचे सारखेच निसटतात, प्रमाण बिघडत नाही. माझं मशीन खोटं बोलत नाही, यार.”

सोमवारी आमचे लॅबप्रमुख अनंत सर त्याचं काम बंद करणार होते. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर मशीनपेक्षा मीच जास्त ताठ होते.

शनिवारी घाटकोपरला आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाणाला आईने चहाच्या अठ्ठेचाळीस गाळण्या आणल्या होत्या. शेजारच्या शुभाकाकू बोटात जपाचा काउंटर घालून दारात बसल्या. बाई आत आली की एकदा दाबायचं, चाळीस झाल्या की आईला हाक मारायची, म्हणजे आणखी गाळण्या मागवता येतील. हाक आलीच नाही आणि गाळण्या संपल्या. तीन बायका रिकाम्या हाती उभ्या!

“शुभा, किती झाल्या गं?” आईने विचारलं.

“एकोणचाळीस.”

“अगं, अठ्ठेचाळीस तर वाटून झाल्या!”

“माझं मशीन खोटं बोलत नाही,” काकू फणकारल्या.

माझंच वाक्य माझ्या कानावर आलं. हातातली कुंकवाची कुयरी मी तशीच खाली ठेवली.

“काकू, चौथ्या मजल्यावरच्या जावा आल्या तेव्हा किती वेळा दाबलंत?”

“एकदाच. दोघी एकदम घुसल्या, माझं बोट हलेपर्यंत आत!”

एकट्या आलेल्या मालनताई बरोबर मोजल्या गेल्या होत्या. गळल्या त्या जावा-जावा, नणंदा-भावजया, हातात हात घालून येणाऱ्या. सुईवरून बोरॉनही असंच घोळक्याने सुटतं. दोन अणू एकाच क्षणी, एकाच जागी आपटले, तर माझं मशीनही एकदाच दाबतं.

रविवारी सकाळीच लॅब गाठली. बोरॉनचे अणू दोन वजनांचे, पाचांत चार जड आणि एक हलका. वेगळ्या वजनाचे अणू डिटेक्टरवर मागेपुढे पोहोचतात, म्हणून सुटे मोजले जातात; एकदम आपटतात ते सारख्या वजनाचेच. जडच जास्त, म्हणून जडाला जड भेटून तेच गळणार. हलक्याला त्याच्या वजनाचा जोडीदार क्वचितच मिळणार. आकडे काढले, तर एका हलक्यामागे चारऐवजी अडीचच जड! मग नुसते हलके धरले आणि त्यांची पाचपट केली. यज्ञेश सांगत होता तोच आकडा, जवळजवळ तंतोतंत. रिकाम्या लॅबमध्ये मी एकटीनेच टाळ्या पिटल्या.

सोमवारी यज्ञेश सरांच्या केबिनमध्ये पडेल चेहऱ्याने बसला होता. मी वही उघडून ‘नमुना’वर काट मारली, त्या जागी ‘मोजणी’ लिहिलं आणि खाली सही केली. सरांनी आकडे दोनदा तपासले.

“म्हणजे चूक कोणाची?”

“माझी, सर.”

“यज्ञेश, काम चालू ठेव,” सर म्हणाले.

बाहेर आल्यावर मी डबा पुढे केला. “तिळगूळ घे. गोड नको बोलूस, चार शिव्या दे. मी कमावल्यात.”

त्याने एकदम दोन लाडू उचलले.

“एकच धरते हं,” मी म्हटलं.