जाऊबाईंचा उंदीर

धाकटीच्या घरातले उंदीर नुसता पाव कुरतडत नव्हते, तिची नोकरी कुरतडत होते. सोमवारपासून तिला कामावर परत जायचं होतं. बाळ नुकतंच रांगायला लागलेलं. त्याला सांभाळायला सासूबाईंशिवाय कोण होतं? आणि सासूबाई राहायच्या भिंतीपलीकडे, थोरल्या जावेकडे. "उंदरांच्या घरात मी लेकरू घेऊन बसायची नाही," असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं.

"अगं, उंदीर काय उगाच येतात?" थोरली दारात उभं राहून, चार शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली होती. "सांडलवंड बघूनच येतात मेले. आमच्याकडे बघ, औषधाला सापडायचा नाही. आणि आलाच एखादा चुकून, तर मी विष नाही हो घालत. मला बाई जीव घेववत नाही."

बाळाच्या झोपेतून वेळ चोरून धाकटीने कोपरे घासले, डबे घट्ट लावले. रांगत्या लेकराच्या घरात विष नको, उंदीर चिकटवायचा पुठ्ठाही नको, म्हणून तिने तारेचा पिंजरा लावला. सापडलेला उंदीर नवरा मैदानाच्या पार टोकाला सोडून यायचा. त्याच्या चपला दारात निघतात न निघतात, तोच ओट्याखाली दुसरा हजर!

"धर्मशाळा काढलीय आपण," नवरा म्हणायचा. धाकटीला मात्र हसू यायचं नाही. आपल्याच हातात काही खोट आहे, असं तिला खरंच वाटायला लागलं होतं.

शनिवारी दुपारी ती मागच्या बोळात बाळाचे कपडे वाळत घालत होती. ओल्या चादरीआडून पाहते तर थोरली टॉवेलखाली काहीतरी झाकून आली, धाकटीच्या मोरीचा पाइप भिंतीतून निघतो तिथल्या फटीशी वाकली आणि टॉवेल बाजूला केला. पिंजरा! आत कान तुटलेला एक गलेलठ्ठ उंदीर.

"जा रे राजा," थोरली लाडाने म्हणाली, "तिकडे खा, पी, सुखी राहा."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे झिंज्या उपटाव्यात असं वाटलं. पण बोळातल्या भांडणाला साक्षीदार कोण? तिने दातांत धरलेला चिमटा तेवढा कडकडून चावला आणि घरात जाऊन ताजा पाव लावला.

सकाळी तुटका कान पिंजऱ्यात होता. नवरा उचलायला वाकला.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "या पाहुण्याला मी पोचवणार."

एका कडेवर बाळ, दुसऱ्या हातात पिंजरा. थोरलीकडे चहा चालला होता.

"जाऊबाई, तुमचं माणूस चुकून आमच्याकडे आलं होतं."

"शी! माझं कसलं? बाहेर ने ते आधी!"

"बाहेर कुठे? उपाशी मरेल बिचारा." आणि धाकटीने पिंजऱ्याचं दार वर उचललं.

उंदीर पिठात शिरावा, उशीत शिरावा, निदान थोरलीने स्टुलावर चढून किंचाळावं, एवढंच तिने मागितलं होतं. मिळालं त्याहून जास्त. उंदीर बावरला नाही, गोंधळला नाही. भिंतीच्या कडेने, फ्रिजमागून, कपाटाला वळसा घालून, माहेरी आलेल्या लेकीसारखा तो सरळ आपल्या भोकात शिरला.

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"वाट पाठ दिसतेय त्याला."

"अहो आई, उंदीर काय, कुठेही—"

"काल टॉवेलखाली काय नेत होतीस गं?"

"आमच्या मोरीच्या पाइपाशी फट आहे ना, तिथे," धाकटी म्हणाली.

थोरलीचा चेहरा पडला. धाकटीने तो डोळे भरून पाहून घेतला. दया वगैरे काही वाटली नाही. पोटात गार गार वाटलं.

"तू नको फार हसू," सासूबाई तिच्याकडे वळल्या. "पिंजरे नाचवलेत दोघींनी. भोक एकीने तरी बुजवलंत? उद्या मी बाळाकडे येतेय. त्याआधी ती पाइपाची फट बुजली पाहिजे. आणि ती बुजवायची हिने."

थोडं ऊन चढल्यावर थोरली धाकटीच्या मोरीत गुडघ्यांवर बसली होती, तारेची घासणी कोंबत, शेवाळात कोपरापर्यंत. धाकटी बाळाला मांडीवर घेऊन पाटावर ऐसपैस बसली. बाळाच्या केसांतून हळुवार हात फिरवत ती म्हणाली, "जाऊबाई, डावीकडे अजून करंगळी जातेय बघा."